मोत्याची टेकडी

पुणे शहराच्या पश्चिमेला जी डोंगराची रांग पसरली आहे, तिच्या सर्वांत उंच भागास वेताळ टेकडी म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा माथा म्हणजे पुणे शहरातील सर्वांत उंच ठिकाण होय. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे. वेताळ हा भुताखेतांचा अधिपती खरा. पण भल्या पहाटे त्याच्या दाराशी जी वर्दळ असते ती भुतांची नव्हे, फिरावयास आलेल्या पुणेकरांची. कोणी काठी टेकीत येतो, कोणी धावत येतो, कोणी नुसत्या गप्पा मारावयास येतो. यांपैकी पुष्कळांच्या बरोबर चार पायांचा एक सोबतीही असतो.

एप्रिल महिन्यातील एका रविवारी असाच एक सोबती टेकडी चढावयास निघाला. त्याचे नाव मोत्या. मोत्या काही उंची जातीचा कुत्रा नव्हता. अंगाने तांबूस, छातीवर पांढरा ठिपका आणि एका कानाचे टोक खाच पाडल्यासारखे कापलेले. ज्यांना ठाऊक नसे त्यांना वाटे, की भांडणात दुसऱ्या कुत्र्याने लचका तोडला असावा. वस्तुतः ती खूण माणसानेच केलेली होती. रस्त्यावरील कुत्र्यांना पकडून त्यांची नसबंदी करतात, रेबीजची लस टोचतात आणि ते गुंगीत असतानाच कानाला अशी खाच पाडतात. म्हणजे तेच कुत्रे पुन्हा विनाकारण पकडले जात नाही. हा कानकापा मोत्या दोन वर्षांपूर्वी पावसात भिजत एका घराच्या जिन्याखाली येऊन बसला, तो त्या घरचाच झाला. घरात एक आजोबा होते आणि त्यांची बारा वर्षांची नात होती. मोत्या कोणाचा, याविषयी त्या दोघांचे एकमत नव्हते. मोत्याचे मत कोणी विचारले नव्हते.

निघण्यापूर्वी आजोबांनी खांद्याची पिशवी भरली. पाण्याच्या दोन बाटल्या, एक पसरट वाडगा, भाकरीच्या तुकड्यांचा डबा, जुना पंचा आणि थोडी रद्दी.

“आजोबा, आपण तासाभरात परत येणार. मग एवढे पाणी कशाला?”

“एक बाटली तुझी-माझी, दुसरी त्याची. तहान लागली तर तो काही तुला सांगणार नाही.”

“आणि ही रद्दी?”

“त्याने वाटेत घाण केली, तर ती उचलायला. टेकडी आपल्या एकट्याची नव्हे.”

नातीने नाक मुरडले. पण उचलणार कोण हा प्रश्न घरात पूर्वीच सुटला होता : ज्याच्या हाती दोरी, त्याने उचलावयाचे. आणि दोरी तर तिलाच हवी होती.

चढण सुरू झाली, तशी तिची तक्रारही सुरू झाली. मोत्या चालेचना! दर दहा पावलांवर तो थांबे, एखाद्या दगडाच्या कडेला नाक लावी, दोन पावले पुढे जाई, पुन्हा मागे येऊन तोच दगड हुंगी. मागून आलेले लोक पुढे निघून जात होते. तिने दोरीला हिसका दिला.

“ओढू नकोस त्याला,” आजोबा म्हणाले, “तो वाचतो आहे.”

आजोबांचे म्हणणे अगदी थट्टेचे नव्हते. आपण एखाद्या नव्या जागी गेलो, की प्रथम डोळ्यांनी ती जागा पाहतो. कुत्रा ती नाकाने पाहतो. वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात. त्याच्या नाकाची घडणही मोठी कुशल आहे. आपण श्वास सोडला, की आत आलेला वास त्याबरोबर बाहेर जातो. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूस बारीक चिरा असतात. त्या चिरांतून तो श्वास बाजूला सोडतो आणि समोरून नवा वास आत येतच राहतो. शिवाय आत ओढलेल्या हवेचा काही भाग फुप्फुसांकडे जातो आणि काही भाग केवळ वास घेण्याच्या कामी नाकातच मागे खेळत राहतो. नाक ओले असते तेही उगीच नव्हे. ओल्या कातडीवर वासाचे कण चिकटतात.

म्हणून वाटेवरचा तो दगड मोत्याला नुसता दगड नव्हता. गावच्या चावडीवरील फळ्यावर जशा सूचना लागलेल्या असतात, तशा त्यावर इतर कुत्र्यांनी आपापल्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. येथून कोण गेले, नर की मादी, केव्हा गेले, हे सारे त्याला तेथे कळत होते. माणसाने फिरावयास जाताना किती अंतर कापले हे मोजावे. कुत्र्याच्या लेखी त्या अंतराला फारशी किंमत नाही. हुंगू न देता त्याला फरफटत नेणे म्हणजे एखाद्याला डोळे बांधून लेणी दाखवावयास नेण्यासारखे आहे. रोज संध्याकाळी कुत्र्याला घाईघाईने रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन आणणारी कितीतरी माणसे हाच प्रमाद करीत असतात.

नातीने दोरी सैल सोडली आणि ती मोत्याच्या गतीने चालू लागली. तेव्हा तिलाही काही गोष्टी दिसल्या. सुकलेल्या गवतात मुंगसाने उकरलेली माती दिसली. दूर दगडखाणीच्या बाजूला मोराची केका ऐकू आली आणि ती ऐकताच मोत्याचा कापलेला कान आधी व अखंड कान मागाहून ताठ झाला, हेही दिसले.

माथ्याजवळ जमीन सपाट होते. एप्रिलमध्ये तेथे हिरवे असे थोडेच उरते. पिवळे गवत, खडे आणि पाने झडलेली गिरिपुष्पाची झाडे. तेथे पोचल्यावर नातीने खिशातून तांबडा चेंडू काढून दूर फेकला. मोत्या धावला, पण चेंडू त्याच्या समोर पडलेला असूनही तो भलतीकडेच शोधू लागला. अखेर नाक जमिनीला लावून त्याने तो हुडकून काढला. कुत्र्याला निळा व पिवळा हे रंग चांगले ओळखता येतात; तांबडा रंग त्याला मळकट दिसतो. मुले हौसेने त्याच्यासाठी तांबडा चेंडू विकत घेतात, निळा घेतला तर बिचाऱ्याचे कष्ट वाचतील.

“आजोबा, दोरी आड येते आहे. सोडू का त्याला?”

आजोबांना समोरून एक जुने स्नेही येताना दिसले होते. त्यांनी “हं” म्हटले. त्या हुंकाराचा अर्थ नातीने तिला हवा तसा केला.

मोत्या सुटला तो वाऱ्यासारखा. पोट जमिनीला लावून त्याने मैदानाभोवती दोन फेऱ्या घातल्या. नात टाळ्या पिटत होती. एवढ्यात आकाशातून एक कर्कश ओरड ऐकू आली आणि एक पक्षी मोत्याच्या डोक्यावर झेपावला. तो वर उडाला, वळला, पुन्हा झेपावला. पाठोपाठ दुसराही आला. त्या टिटव्या होत्या. टिटवीचे ओरडणे अशुभ असे जुने लोक मानीत. ते कोणासाठी अशुभ असते हे त्या दिवशी नातीला दिसले. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर उथळ खळगा करून, भोवती खडे मांडून, त्यात ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग भोवतालच्या दगडांसारखाच असतो. माणूस जवळून गेला तरी त्याला ती दिसत नाहीत. पण मोत्या डोळ्यांनी शोधीतच नव्हता.

“मोत्या, इकडे ये! मोत्या!” नात ओरडत धावली. मोत्याने मान वर केली नाही. ती ओरडत होती, टिटव्या ओरडत होत्या, आणि मोत्याच्या नाकाशी जे होते त्यापुढे त्याला जगातले दुसरे काही ऐकू येत नव्हते. अखेर आजोबांनी भाकरीचा डबा खडखडा वाजवला. त्या आवाजाला मात्र तो आला. त्याच्या ओठांच्या कडेला पिवळे काही लागलेले होते.

खळग्यात चारांपैकी तीन अंडी उरली होती.

आजोबांनी दोरी अडकवली आणि नातीला व मोत्याला तेथून पुष्कळ लांब नेले. एका टेपाडामागे ते बसले. बराच वेळ टिटवी आकाशात घिरट्या घालीत राहिली. मग ती खाली उतरली, थोडी चालली, थांबली, पुन्हा चालली आणि खळग्यावर जाऊन बसली. तेव्हा कोठे नातीच्या डोळ्यांतले पाणी वाहू लागले.

“मोत्या वाईट आहे,” ती म्हणाली.

“मोत्या कुत्रा आहे. अंड्याचा वास आला, त्याने खाल्ले. दोरी सोडण्यापूर्वी तो हाकेला येतो की नाही हे तू पाहिले होतेस का?”

“नाही.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण तुम्ही हो म्हणालात.”

“ते मात्र खरे,” आजोबा म्हणाले, “मी न ऐकताच हो म्हणालो.”

आजोबांचे बालपण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले होते. दिवाळी झाली, की त्या बाजूने धनगरांचे वाडे कोकणाकडे जावयास निघत. देशावरचा चारा सरलेला असे. कोकणात भातकापणीनंतर शेते मोकळी झालेली असत. शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेत, कारण त्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होते, आणि त्याबद्दल धनगरास धान्य देत. पावसाळ्याच्या तोंडाशी वाडे पुन्हा देशावर परतत. या साऱ्या वाटचालीत घोड्यांवर संसार असे, मागे मेंढरांचे खांड असे, आणि बाजूने कुत्री चालत. दिवसा ती मुकाट्याने चालत. रात्री मेंढरे वाघरीच्या जाळ्यात कोंडली, की त्यांचे खरे काम सुरू होई. लांडग्याची चाहूल त्यांना माणसाच्या किती तरी आधी लागे.

“त्यांच्या गळ्यात दोरी नसे?” नातीने विचारले.

“नसे. पण कोकरू पायात आले तरी त्याला ती तोंड लावीत नसत. ती पिले मेंढरांतच वाढलेली असत आणि मोठ्या कुत्र्यांच्या मागे चालून शिकलेली असत. आपला मोत्या जिन्याखाली वाढला. त्याला कोण शिकवणार?”

“मी शिकवीन.”

मग आजोबांनी रीत सांगितली. दहा मीटरांची एक लांब दोरी घ्यावयाची. कुत्रा तिच्या टोकापर्यंत जाऊ द्यावयाचा आणि एकदाच हाक मारावयाची. दहादा नव्हे, दहादा हाक मारली, की पहिल्या नऊ हाका ऐकावयाच्या नसतात असे तो शिकतो. आला की घास द्यावयाचा. उशिरा आला तरी रागवावयाचे नाही, कारण आल्याबद्दल मार बसतो असे एकदा त्याच्या मनाने घेतले, की पुन्हा तो येणार नाही. घरात, मग अंगणात, मग बागेत आणि सर्वांत शेवटी टेकडीवर, असे चढत जावयाचे. आणि पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, शिकलेला कुत्रा असला तरी, माळावर दोरी सोडावयाचीच नाही.

धनगराच्या कुत्र्याला सारा माळ मोकळा होता; पण शहरातल्या कुत्र्याने धावावे कोठे? हा प्रश्न जगातल्या सर्वच मोठ्या शहरांना पडला आहे. अमेरिकेतील बर्कली या शहरात भुयारी रेल्वेच्या कामासाठी घरे पाडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर एक बाग झाली आणि तिच्या एका भागात १९७९ साली खास कुत्र्यांसाठी कुंपण घातलेले मैदान सुरू झाले. अशा मैदानांची चाल पुढे इतर देशांत पसरली. आपल्या देशात हैदराबादच्या महानगरपालिकेने कोंडापूर भागात, जेथे पूर्वी कचरा टाकला जात असे तेथे, २०१८ साली सुमारे सव्वा एकराचे श्वान-उद्यान उघडले. अशा चांगल्या उद्यानास एकापुढे एक अशी दोन फाटके असतात. पहिले लावून घेतल्याशिवाय दुसरे उघडावयाचे नाही, म्हणजे आत येणाऱ्याच्या पायांतून कोणी बाहेर निसटत नाही. लहान व मोठ्या कुत्र्यांसाठी निरनिराळे भाग ठेवणेही इष्ट, कारण मोठ्या कुत्र्याचा खेळ लहानाच्या जिवावर बेतू शकतो. लस न टोचलेल्या कुत्र्यास तेथे नेऊ नये. बहुतेक गावांत असली सोय नाही हे उघड आहे. तेथे शाळेचे पटांगण, नदीकाठ किंवा टेकडी हीच मैदाने, आणि तेथे लहान मुले, म्हातारी माणसे व कुत्र्याला भिणारी माणसेही येतात. भिणाऱ्या माणसाला “काही करत नाही तो” असे सांगण्यात काही अर्थ नसतो. दोरी आखडून बाजूला उभे राहावे.

काही ठिकाणी मात्र कुत्र्याला नेणेच निषिद्ध आहे. बोरीवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. तेथे पाळीव कुत्रा नेता येत नाही. मुलांना हा नियम जाचक वाटतो. त्या अरण्यात बिबटे राहतात व कुत्रा हे त्यांचे आवडते भक्ष्य आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा एक रोग होतो. तो ज्या विषाणूमुळे होतो तो विषाणू सिंहांनाही मारतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात १९९४ साली या रोगाची साथ आली आणि तेथील सुमारे एकतृतीयांश सिंह मरण पावले. अरण्याच्या कडेला असलेल्या गावांतील कुत्र्यांत तो रोग होता. पुढे त्या गावांतील कुत्र्यांना लस टोचण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्याकडे गुजरातमधील गीरच्या अरण्यात २०१८ साली काही आठवड्यांतच वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला. एखाद्या लाडक्या कुत्र्याच्या शिंकेची गोष्ट इतक्या दूर जाऊन पोचते! डिस्टेंपरची लस मिळते आणि ती स्वस्तही आहे.

रेबीजच्या लशीविषयी तर निराळे सांगावयास नको. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ती प्रथम टोचण्यास सुरुवात केली आणि तो मुलगा वाचला. कुत्रा चावला किंवा त्याचा दात अथवा नख लागून रक्त आले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रागावतील म्हणून घरी न सांगणारी मुले असतात. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून हे लपवावयाचे नाही.

टेपाडामागे बसून या साऱ्या गोष्टी बोलता बोलता वेळ कसा गेला ते कळले नाही. मग ते जुने स्नेही पुन्हा भेटले. देवळाच्या कट्ट्यावर त्यांच्या व आजोबांच्या आणखी गप्पा झाल्या. आजोबांनी घड्याळ पाहिले तेव्हा दहा वाजत आले होते. एप्रिलमधले दहा! दगड तापले होते आणि वाटेवर सावली अशी नव्हती.

उतरताना मोत्या प्रथम मागे राहू लागला. आता तो काही हुंगत नव्हता. जीभ एका बाजूला लोंबत होती, लाळ चिकट झाली होती आणि धाप थांबत नव्हती. आपल्याला उकडले, की साऱ्या अंगाला घाम येतो व अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पायांच्या तळव्यांना, आणि तो अगदी थोडा. त्याचा सारा भरवसा जिभेवर. जोराने धापा टाकून तो तोंडातील ओलावा उडवतो व शरीर थंड ठेवतो. हवाच तापलेली असली, की ही युक्ती पुरी पडत नाही. ज्या कुत्र्यांचे नाक चपटे असते त्यांचे हाल तर विचारूच नयेत. तीन बोटे उंच झुडपाची सावली दिसली, तेथे मोत्या बसला. उठवले तर त्याचे मागचे पाय लटपटले.

“आजोबा, याच्या हिरड्या बघा कशा लालभडक झाल्या आहेत!”

आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. बाटलीत पाणी अर्धेच उरले होते, कारण गप्पांच्या भरात दोघांनीही मोत्याची बाटली उघडली होती. स्नेही मागून येतच होते. त्यांच्या मदतीने आजोबांनी मोत्याला पंचाच्या झोळीत उचलले आणि थोड्या अंतरावरील कडुनिंबाखाली नेऊन निजवले. पाणी त्याच्या पोटावर, काखांत आणि पंजांवर ओतले. नातीने रद्दीची घडी करून त्याला वारा घातला. वाटेने जाणाऱ्या एका बाईंनी न मागता आपली बाटली पुढे केली. तेही पाणी ओतले. वाडग्यातले घोटभर पाणी त्याच्यापुढे धरले, बळजबरीने तोंडात मात्र घातले नाही. काही वेळाने धाप किंचित मंदावली, तेव्हा झोळी पुन्हा उचलली आणि सारे खाली रस्त्यावर आले.

तेथे नातीने वाकून हाताची मागची बाजू डांबरावर ठेवली. सात अंक मोजेपर्यंत हात टेकवता आला तर कुत्र्याला त्यावर चालवावे, असे तिने कोठेसे ऐकले होते. तिने तीन मोजले आणि हात काढून घेतला.

पहिल्या रिक्षावाल्याने कुत्रे घेण्यास नकार दिला. “तुम्ही दोघे बसा हवे तर,” तो म्हणाला.

“तो नाही तर मीही नाही,” नात म्हणाली. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात इंद्राला हेच सांगितले होते. त्याच्या बरोबरचा कुत्रा म्हणजे वेष पालटलेला यमधर्म निघाला. हा मात्र मोत्याच होता आणि रिक्षाही काही इंद्राचा रथ नव्हे. ती निघून गेली. दुसरा रिक्षावाला थांबला. त्याने काही न विचारता मागच्या बैठकीवर पोते अंथरले.

जनावरांच्या डॉक्टरांनी ताप पाहिला तो १०४ अंश निघाला. कुत्र्याचे अंग निरोगी असताना १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याहून थोडे गरमच. “वर किती होता कोण जाणे,” डॉक्टर म्हणाले, “आधी पाणी ओतलेत आणि मग निघालात हे चांगले केले. लोक तसेच धावत घेऊन येतात आणि वाटेतच कुत्रा जातो.” त्यांनी मोत्याला दुपारपर्यंत ठेवून घेतले. आजोबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. जेवावयास घरी या, असा निरोप दोनदा आला, तरी ते उठले नाहीत.

पुढचा रविवार उजाडण्यापूर्वीच तिघे घराबाहेर पडले होते. पिशवीत आता पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. तिसरीवर नातीने शाईने मोत्याचे नाव लिहिले होते. आजोबांनी जुन्या स्नेह्यांना लांबूनच नमस्कार केला. माळाच्या अलीकडे, जेथे वाट वळते तेथे, नातीने दोरी दोन वेढे आखडली. टिटवी एकदाच ओरडली. उन्हे खाली उतरण्याच्या आत सारे घरी परतले. त्यानंतरच्या रविवारी तसेच झाले. मधल्या दिवसांत घरासमोरच्या मैदानावर एक लांब दोरी, एक मुलगी आणि भाकरीचे तुकडे यांचा उद्योग रोज संध्याकाळी चाले. दहा हाकांपैकी चार हाकांना मोत्या येई, मग सहा, मग आठ. मांजर दिसले, की पुन्हा शून्य.

मे महिन्याच्या अखेरीस एका पहाटे ते त्या वळणावर पोचले, तेव्हा माळावरचे दोन दगड चालू लागल्यासारखे वाटले. नातीने डोळे चोळले. ती पिले होती. तीन अंड्यांपैकी दोन तरी फुटली होती. टिटवीची पिले जन्मतःच चालू लागतात आणि आईने इशारा दिला, की जमिनीला चिकटून दगडासारखी निश्चल होतात. टिटवी ओरडली. दगड होते तेथे थांबले.

मोत्याचे नाक थरथरले. दोरी ताणली गेली. नातीने तिच्यावर पाय ठेवला आणि हळूच म्हटले, “मोत्या, बैस.”

मोत्या बसला. शेपटी मात्र जमिनीवर एकसारखी आपटत होती.

स्वाध्याय

१. “तो वाचतो आहे,” असे आजोबा मोत्याविषयी का म्हणाले, ते कुत्र्याच्या नाकाच्या घडणीच्या आधारे स्पष्ट करा.

२. टिटवीचे अंडे फुटले, यात मोत्याचा, नातीचा व आजोबांचा वाटा किती, असे तुम्हांला वाटते? सकारण लिहा.

३. राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यास नेण्याची मनाई का असते?

४. मोत्याला ऊन लागले तेव्हा काय काय केले, ते क्रमाने सांगा. त्याआधी कोणत्या चुका झाल्या होत्या?

५. आपल्या गावात वा वस्तीत कुत्र्याला फिरावयास नेण्याजोगी जागा कोणती आहे? तेथे इतर कोणकोण येतात व कोणते पशुपक्षी राहतात, हे एका सकाळी जाऊन पाहा आणि दहा ओळींत लिहा.